पुरुष एकत्र बसतात तेव्हा: मराठवाड्यातील ख्रिस्ती पुरुष संघांचा आढावा

२०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतले १७५ नांदेड जिल्ह्यातले, ७२ लातूरचे. आदल्या वर्षी विभागाचा आकडा १,०२३ होता. देशाचा हिशेब पाहिला तर २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. दहातले सात. कर्ज, नापिकी, दारू, आजार, घरातला कलह अशी कारणे कागदोपत्री लागतात. मरण्यापूर्वीच्या महिन्यात हा माणूस आपली अडचण कोणापाशी बोलला होता का, हा रकाना मात्र कोणत्याच अहवालात नसतो.

मराठवाड्यात पुरुषांना बसायला जागा कमी नाहीत. पार आहे, हॉटेल आहे, पानटपरी आहे, सोसायटीचा ओटा आहे. तिथे पावसावर बोलणे होते, सोयाबीनच्या भावावर होते, पुढाऱ्यांवर तर होतेच. सावकाराचे किती देणे आहे, रात्री झोप का लागत नाही, हे तिथे कोणी काढत नाही. बायकांकडे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बचत गट आले. महिन्याला बसायचे, हप्ता भरायचा, अडचण असेल तर सगळ्यांपुढे मांडायची, ही सवय त्यांनी लावून घेतली. पुरुषांकडे याच्या जवळ जाणारे जे काही आहे ते बहुतेक धर्माच्या आधाराने उभे आहे: भजनी मंडळ, विहारातली वंदना, मशिदीतली जमात, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातली सेवा. ख्रिस्ती वस्तीत त्या जागी चर्चचा पुरुष संघ असतो. कोणी त्याला पुरुष संगती म्हणतात, कोणी सरळ ‘मेन्स फेलोशिप’.

हा संघ संख्येने लहान आहे. त्याच्यापुढचा प्रश्न लहान नाही. संकटात विश्वास टिकतो तो कशाच्या बळावर, आणि चार पुरुष एकत्र बसल्याने त्यात काही फरक पडतो का? नांदेड-लातूरच्या संदर्भात या प्रश्नाचा इतिहास, व्यवहार आणि उणिवा इथे तपासायच्या आहेत.

मूठभर माणसे, अनेक मंडळ्या

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ०.९६ टक्के होते. त्यांतले बहुसंख्य मुंबई, ठाणे, वसई, पुणे, अहमदनगर या पट्ट्यातले. त्या वेळी नांदेडची लोकसंख्या ३३ लाखांवर आणि लातूरची २४ लाखांवर होती, पण ख्रिस्ती समाज दोन्हीकडे अर्ध्या टक्क्याच्याही खाली.

याचे कारण इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी अमलातल्या अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून शाळा, छापखाना, चर्च उभारत होते; निजामाच्या मुलखात मिशनऱ्यांचा वावर तुरळक राहिला. आज जी मंडळी दिसते ती वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहे. काही घराणी नगर-जालन्याकडून नोकरीपायी आली. रेल्वे, दवाखाना, शाळा यांनी काहींना आणले. बिलोली, देगलूर, धर्माबाद, किनवट हे नांदेडचे तालुके तेलंगणाला लागून, त्यामुळे तेलुगू उपासनेचा वारसा सांगणारी कुटुंबेही आहेत. लातूर १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला आणि शिक्षणाचे केंद्र म्हणून वाढला. त्याबरोबर केरळी परिचारिका, शिक्षक, धर्मभगिनी आल्या.

पंथांची विभागणीही तशीच. १९७० साली नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले; अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट मात्र त्यातून बाहेर राहिले. कॅथलिकांचे औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चे. गेल्या काही दशकांत स्वतंत्र प्रार्थनाघरे वाढली. एकाच गावात पन्नास ख्रिस्ती घरे आणि तीन-चार मंडळ्या, असेही चित्र दिसते. प्रत्येकीत महिला संघ असतो, तरुण संघ असतो, रविवारची शाळा असते. पुरुष संघ कागदावर सगळीकडे असतो. चालतो मात्र थोड्या ठिकाणी.

या समाजाच्या मोठ्या भागाची मुळे मांग आणि महार वस्त्यांत आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम राहिले. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गात जागा मिळते. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. प्रश्न तिथेच आहे. पुरुष संघात बसणाऱ्या माणसाच्या अडचणीत हा दाखल्याचा गुंता बहुतेकदा असतोच. मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरताना कोणता धर्म लिहायचा, हा त्याच्यासाठी विश्वासाचा आणि पोटाचा असा दुहेरी पेच होऊन बसतो.

संघाची घडण: एक पेनी, एक वसाहत, एक दरबार

ख्रिस्ती पुरुषांचे छोटे गट ही कल्पना चर्चइतकीच जुनी असली, तरी आजच्या संघाचा साचा साधारण पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. १७४२ साली ब्रिस्टल इथे जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर प्रार्थनागृहाचे कर्ज होते. ते फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारांचे गट करावेत आणि गटप्रमुखाने घरोघर जाऊन पैसे गोळा करावेत असे ठरले. पैसे मागायला गेलेल्या प्रमुखाला घराघरातले दुखणे कळू लागले: कोण दारूत बुडाला, कोणाचे काम सुटले, कोणाच्या घरी भांडण पेटले. वेस्लींनी त्यातून गटाची शिस्त बांधली आणि मेथॉडिस्ट चळवळ त्या गटांवर उभी राहिली. कर्जाच्या विचारातून सुरू झालेली ही बैठक कर्जाने मोडलेल्या मुलखातल्या संघांनी विसरू नये अशी आहे. पुढे १८४४ मध्ये लंडनच्या कापड दुकानातल्या नोकरांनी जॉर्ज विल्यम्सच्या पुढाकाराने वाय.एम.सी.ए. सुरू केली, तीही गाव सोडून शहरात आलेल्या एकट्या तरुणांसाठीच.

मराठी मुलखात या साच्याला वेगळी रूपे आली. पहिले जालन्याजवळचे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. शेषाद्री पुढे स्कॉटिश मिशनतर्फे जालन्यात आले आणि १८७० च्या सुमारास, सर सालारजंगांच्या कारभारात निजाम सरकारकडून जमीन मिळवून, त्यांनी ‘बेथेल’ ही वसाहत वसवली. गावकुसाबाहेरच्या माणसांना तिथे शेती, विहिरी, शाळा, हातकाम आणि उपासना एका जागी मिळाली. मराठवाड्यातली ख्रिस्ती संगतीची ही पहिली ठळक खूण; तिचा पाया जमीन आणि काम हा होता.

दुसरे रूप नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने बावीस वर्षे मिशनच्या चौकटीत काढली आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसतील, भजन-कीर्तनाच्या वळणाने उपासना होईल, परदेशी पैशाची कुबडी नसेल, अशी ती मांडणी. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबाराला आकार यायचा राहिला. तरी मराठी ख्रिस्ती भजनी मंडळात टाळ-मृदंगावर जे अभंग चालतात, त्यांतून तो विचार अजून जिवंत आहे. खेड्यातला जो माणूस व्यासपीठावरून प्रार्थना करायला कचरतो, तो भजनात मोकळा होतो.

तिसरे रूप ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये अहमदनगरकडे तो सुरू केला, नंतर तो पुण्यात स्थिरावला. गोरे आणि देशी सभासद एका पंगतीत जेवत, खादी नेसत, एकाच छपराखाली राहत. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये याच संघात आले आणि शामराव हिवाळे हे मराठी सहकारी त्यांना इथेच भेटले. दोघे पुढे मध्य प्रांतात गोंडांच्या सेवेला गेले.

तिन्ही प्रयोगांत एक धागा आहे. माणसे नुसती प्रार्थनेला जमली नव्हती. जमीन, भजन, सहभोजन, सेवा असे काहीतरी हाताशी होते. विश्वास त्या कामाबरोबर वाढला.

ग्रंथातल्या पुरुषांचे दुखणे

पुरुष संघाच्या बैठकीत बायबल उघडते, आणि कोणते पान उघडते यावर बरेच अवलंबून असते. यशाची, आशीर्वादाची वचने निवडली की नापिकीने मोडलेला माणूस मनात म्हणतो, माझाच विश्वास कमी पडला. या ग्रंथात मोडलेल्या पुरुषांची पानेही कमी नाहीत.

ईयोबाची गुरे, पोरे, तब्येत सगळे गेले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेले उत्तम काम तेवढेच. तोंड उघडल्यावर त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधायला सुरुवात केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांनाच चुकीचे ठरवतो. एलीया संदेष्टा मोठ्या विजयानंतर रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. त्याला उपदेश मिळाला नाही. आधी झोप मिळाली, मग भाकरी आणि पाणी, परत झोप, परत भाकरी. प्रश्न त्यानंतर आले. आजचा मानसोपचारतज्ज्ञही फार वेगळा क्रम सांगणार नाही.

हबक्कूक हा दुष्काळी शेतकऱ्याचा संदेष्टा म्हणावा लागेल. झाडाला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, हे सगळे तो आधी नीट मोजतो आणि त्यानंतर देवावरचा भरवसा बोलून दाखवतो. नुकसान नाकारून त्याने विश्वास उभा केलेला नाही.

आणि गेथशेमाने. अटकेच्या रात्री येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांच्याकडे एवढेच मागितले की माझ्याबरोबर जागे राहा. तिघेही झोपले. ख्रिस्ती पुरुष संगतीचा हा सर्वांत जुना पराभव शुभवर्तमानाने लपवलेला नाही. याउलट मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण लुळ्या मित्राला खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येईना तर छप्पर उकलतात. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असे मार्क नोंदवतो. लुळ्या माणसाच्या स्वतःच्या विश्वासाबद्दल तिथे एक शब्द नाही. ज्याच्यात उभे राहायची ताकद नाही त्याच्या वाटचा विश्वास काही काळ इतरांनी वाहायचा असतो. पुरुष संघाला एवढा पाया पुरेसा आहे.

किल्लारी: देवाने केले का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे झोपेत गाडली गेली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे मेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. भूकंप जगाच्या मानाने मध्यम होता. माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या मातीच्या भाराखाली.

अशा वेळी सगळ्या धर्मांची माणसे एकच प्रश्न विचारतात आणि चुकीच्या उत्तरांची घाई करतात. १७५५ मध्ये लिस्बनला सर्व संतांच्या सणादिवशी, चर्च भरलेली असताना भूकंप झाला आणि युरोपभर देवाच्या न्यायावर वाद पेटला. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला. किल्लारीनंतरही कोपाची, पापाची भाषा ऐकू आली, आणि ती कोण्या एका धर्माची मक्तेदारी नव्हती.

ख्रिस्ती बाजूचे टिकाऊ उत्तर प्रवचनातून आले नाही. कासा, कॅरिटास इंडिया यांसारख्या संस्था मदतीत आणि पुनर्वसनात उतरल्या. कासाचा जन्मच १९४७ च्या फाळणीतल्या निर्वासितांच्या सेवेतून झालेला. त्यांच्या शेजारी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते, गुरुद्वाऱ्याचे लंगर होते; शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. मृतदेह काढणाऱ्या हातांना एकमेकांचा धर्म विचारायला सवड नव्हती. या भागातल्या कोणत्याही पुरुष संघाने संकट आणि विश्वास यावर बोलायला बसावे तर सुरुवात इथून करावी: देवाने हे का केले याचे उत्तर मिळाले नाही, पण भिंत कशी बांधावी, ढिगारा कसा उपसावा, पोरके मूल कोणाकडे द्यावे, याची उत्तरे माणसांनी मिळून शोधली.

पाणी, भाव आणि रोजचे संकट

भूकंप एकदा येतो. मराठवाड्याचे खरे संकट दरवर्षी येते आणि त्याला बातमीचे मोल नसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. २०२५ च्या पावसाळ्यात उलटे झाले आणि मुखेड तालुक्यातली गावे पुरात सापडली. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात अनेकांना त्याहून बरेच कमी पडले.

ख्रिस्ती वस्तीत या संकटाचा एक वेगळा पदर आहे. इथे भूमिहीन आणि अल्पभूधारक अधिक. शेतकरी आत्महत्येनंतर निकषात बसणाऱ्या कुटुंबाला शासन एक लाख रुपये देते. त्या निकषांत सातबारा आणि कर्ज आहे. ज्याच्या नावावर जमीनच नाही तो मजूर त्या यादीत येत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत आत्महत्या करणाऱ्यांत सर्वांत मोठा गट रोजंदारी मजुरांचाच होता, सव्वीस टक्क्यांहून जास्त. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-हैदराबादला गेलेला बाप सहा-सहा महिने मंडळीत दिसत नाही. रविवारी पुरुषांच्या बाजूचे बाक रिकामे असतात याचे कारण पाळक उदासीनतेत शोधतात. निम्मे कारण मुकादमाच्या उचलीत असते.

जामखेडचा धडा

पुरुषांच्या गटाने काय होऊ शकते याचे जवळचे उदाहरण बीड जिल्ह्याच्या सीमेवर जामखेडला आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांच्या ग्रामआरोग्य सेविकांची कीर्ती जगभर गेली. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बायकांच्या आधी तिथे पुरुष जमवले गेले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायला गावातल्या सगळ्या जातींचे तरुण बोलवायचे, खेळून झाल्यावर बसायचे, बोलायचे. त्यातून शेतकरी मंडळे झाली. दुष्काळात कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तिथे यावे लागले. पाणलोट, झाडे, पोषण आहार ही कामे मंडळांनी उचलली.

त्या मंडळांत धर्मांतराचा विषय नव्हता. आरोळे आपली प्रेरणा ख्रिस्ताची आहे हे लपवत नव्हते आणि ती कोणावर लादत नव्हते. अशीच वाट स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांची. नगर जिल्ह्यातून त्यांनी पाणलोटाचे जे काम उभे केले त्यातून १९८९ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आला आणि १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था निघाली. चर्चच्या चार भिंतींत सुरू झालेली संगत शिवारात गेली की तिचे काय होते ते इथे दिसते.

दारू: जिथे संघ बहुधा गप्प असतो

पुरुष संघाची खरी परीक्षा दारूपाशी होते. व्यासपीठावरून दारूचा निषेध दर महिन्याला होतो. पिणारा माणूस त्या रविवारी येत नाही, एवढेच. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब यांनी ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ सुरू केले. त्याची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती संगतीत होती: गटापुढे कबुली द्यायची, नुकसान भरून काढायचे, दुसऱ्या पिणाऱ्याला हात द्यायचा. त्यांनी निषेध काढून टाकला आणि कबुली ठेवली. १९५७ मध्ये ही चळवळ मुंबईत आली. पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ काढले, तिथेही गटात बोलणे हाच उपचाराचा कणा राहिला. कबुलीची परंपरा ज्यांच्या घरची, त्या चर्चच्या पुरुष संघांना ती बाहेरून परत शिकावी लागावी, ही नामुष्की आहे.

जमेची बाजू, आणि उणिवा

संघ जिथे जिवंत आहेत तिथे त्यांचे काम ओळखता येते. लहान गावात ख्रिस्ती मृत्यू झाला की खड्डा खणणे, पेटी आणणे, दफनभूमीच्या जागेसाठी तहसीलला खेटे घालणे हे पुरुषच करतात. कोरोनाच्या दोन वर्षांत या कामाचे मोल सगळ्यांना कळले. दवाखान्यात रात्री थांबणे, रक्त देणे, मुलीच्या लग्नात पंगतीला उभे राहणे, कापणीच्या सणाचे धान्य गरजूच्या घरी पोचवणे, हेही. यातले काहीच अहवालात येत नाही, पण एखाद्याला आपण एकटे नाही असे वाटते ते अशाच गोष्टींमुळे.

उणिवाही तितक्याच उघड आहेत. पहिली, बैठक प्रवचनाची होते. एक बोलतो, वीस ऐकतात, ‘आमेन’ म्हणतात, चहा घेऊन घरी जातात. दुसरी, साक्ष फक्त विजयाची चालते. माझे कर्ज फिटले असे सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात. माझे फिटत नाही, असे सांगायला जागा नसते. तिसरी, पंच कमिटीच्या निवडणुका आणि मिळकतीचे वाद. ज्याच्याशी कोर्टात खटला चालू आहे त्याच्यापुढे मन कोण मोकळे करणार? चौथी, आजाराला प्रार्थनेचाच उपाय. नैराश्य, संशय, आवाज ऐकू येणे याला दुष्टात्मा म्हणून उपवास करवणे आणि गोळ्या बंद करायला सांगणे हे प्रकार जीव घेतात. पाचवी, घरातल्या बाईचे म्हणणे. पुरुषाने डोके टेकवले की त्याचे जुने मारहाणीचे खाते मिटले, असे संघाने परस्पर ठरवू नये.

बाहेरचेही दडपण आहे. घरात चार माणसे प्रार्थनेला जमली की धर्मांतराची शंका घेतली जाते, पोलिसांत तक्रार होते. संविधानाचे पंचविसावे कलम उपासनेचा हक्क देते. तो हक्क कोणी हिरावत असेल तर कायद्याने लढावेच. पण दार लावून घेतलेला संघ संशय वाढवतो. ज्याच्या बैठकीत शेजारचा वारकरी, बौद्ध, मुस्लिम मित्र येऊन बसू शकतो आणि आपला धर्म घेऊनच परत जातो, तो संघ सुरक्षितही असतो आणि ख्रिस्ताला जवळही.

निवाडा

या सगळ्या धांडोळ्यातून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. संकटात विश्वास शिकवून येत नाही. तो चार जणांत वाटून वाहिला जातो. बेथेलपासून जामखेडपर्यंत जिथे पुरुष एखाद्या कामाभोवती बसले तिथे तो टिकला. जिथे ते सभेपुरते जमले तिथे संघ पाळकांच्या बदलीबरोबर बंद पडला. नांदेड-लातूरच्या मंडळ्या लहान आहेत हे या कामी बळच आहे. पन्नास घरांत कोणाचे काय चालले आहे हे कळायला संस्था लागत नाही.

म्हणून संघ चालवणाऱ्यांना काही साध्या विनंत्या. गट बारा जणांच्या वर नेऊ नका. महिन्यात एक बैठक प्रवचनाशिवाय घ्या आणि त्यात प्रत्येकाने आपली एक खरी अडचण सांगावी. तिथे सांगितलेले गटाबाहेर जाणार नाही, हा नियम मोडणाऱ्याला खपवून घेऊ नका. बायकांच्या बचत गटांकडून हिशेब शिका आणि आजारपण, शाळेची फी, बियाणे यासाठी छोटा निधी ठेवा. ऊसतोडीला गेलेल्यांना आठवड्याला फोन करण्याची पाळी लावा. मंडळ्यांची भांडणे बाजूला ठेवून गावातल्या सगळ्या पंथांच्या पुरुषांची तिमाही बैठक घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा वार आणि वेळ फळ्यावर लिहून ठेवा.

आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाला, तो कोणत्याही धर्माचा असो, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या ‘टेलीमानस’च्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. त्यानंतर आपल्या एका माणसाला घरी बोलवा आणि काय झाले आहे ते सांगा.